काढलेला माणूस परत येतो तेव्हा

लैंगिक छळाच्या तक्रारीवरून एखाद्या माणसाला संस्थेतून काढलं, की आपण सगळ्याजणी सुटकेचा निःश्वास टाकतो. समितीच्या सदस्या आपापल्या कामाला लागतात, विश्वस्त फाइल कपाटात ठेवतात, तक्रार करणारी बाई पुन्हा गावांत फिरू लागते. संपलं एकदाचं, असं वाटतं. माझा अनुभव असा की ते तिथे संपत नाही. काढलेला माणूस परत येतो. गेला त्याच दाराने क्वचित येतो, बहुतेक वेळा मागच्या दाराने येतो, आणि येतो तेव्हा त्याच्या हातात कुणाचं तरी निमंत्रण असतं. तक्रार कशी करावी यावर आपली शिबिरं झाली, पुस्तिका निघाल्या, पथनाट्यं बसवली गेली. निकालानंतरच्या वर्षांबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मला बारा वर्षं झाली. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात बायकांच्या गटांबरोबर माझं काम चालतं, आणि तीन-चार संस्थांच्या व एका कारखान्याच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. इथे लिहिते आहे ते मुख्यतः स्वयंसेवी संस्थांबद्दल. कारखाने, बँका, सरकारी कचेऱ्या यांच्यावर बोट ठेवायला आपल्याला जड जात नाही. आपल्या घरातलं बोलायची वेळ आली की आपण दार लोटून घेतो. पुढच्या हकिगतींत नावं आणि गावं गाळली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

एका संस्थेच्या पाणलोट प्रकल्पाचा समन्वयक. हुशार माणूस, बोलण्यात गोड, कचेरीत अडकलेली फाइल काढून आणण्यात पटाईत. तीन कार्यकर्तींनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. रात्रीचे फोन, गाडीवर मागे बसण्याची सक्ती, मुक्कामाच्या गावी खोलीच्या दाराशी येऊन उभं राहणं. संस्थेच्या समितीने नव्वद दिवसांच्या मुदतीच्या आत चौकशी पुरी केली आणि तक्रार खरी असल्याचा निष्कर्ष काढला. अहवाल विश्वस्तांपुढे जायच्या आदल्या दिवशी या गृहस्थांनी राजीनामा दिला, घरगुती कारणास्तव. विश्वस्तांनी तो त्याच बैठकीत मंजूर केला आणि अहवालावर ‘नोंद घेण्यात आली’ एवढा शेरा मारला. वर अनुभवपत्रही दिलं, काम समाधानकारक, वर्तणूक चांगली. तालुक्यात सगळे म्हणत राहिले की त्याला काढलं. कागद म्हणत होता की तो आपणहून गेला.

दीड वर्षाने त्याच प्रकल्पाच्या मूल्यमापनासाठी फंडिंग एजन्सीने एक पथक पाठवलं, आणि पथकात हा. आता सल्लागार म्हणून. तक्रार करणाऱ्या तिघींपैकी दोघी तोवर काम सोडून गेल्या होत्या. तिसरीला शुक्रवारी निरोप आला की सोमवारी आपल्या बारा गटांच्या नोंदवह्या घेऊन पथकासमोर बसायचं आहे. ती एका प्रशिक्षणात माझ्या ओळखीची झालेली. रात्री तिचा फोन आला. “ताई, सर म्हणतात दोनच दिवसांचा प्रश्न आहे, तू रजा टाक. त्याला मी काढलं होतं ना? मग रजा मी का टाकायची?”

तिने अखेर रजा टाकली. करणार काय? घरात पगार तिचाच. पथकाच्या अहवालात तिच्या गटांपुढे शेरा आला की नोंदी अपूर्ण, कार्यकर्ती गैरहजर. पुढे आम्ही फंडिंग एजन्सीला पत्र लिहिलं, तेव्हा त्यांचं उत्तर होतं की आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ही हकीगत मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण यात कुणी मोठा कट केलेला नाही. समितीने काम चोख केलं. विश्वस्त काही दुष्ट नाहीत. संस्थेचं नाव खराब होऊ नये, कोर्टकचेरी होऊ नये, माणसाचा संसार उघड्यावर येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. एजन्सीने कागद पाहिले, कागद स्वच्छ होते. प्रत्येकाने आपापल्या जागी सोयीचं ते केलं आणि सगळ्यांच्या सोयीची किंमत त्या एका बाईने मोजली.

हे काही आपल्याच तालुक्यात होतं असं नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत मोठा भूकंप झाला. तिथे मदतकार्याला गेलेल्या ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेच्या काही अधिकाऱ्यांवर पैसे देऊन बायकांचं लैंगिक शोषण केल्याचे आरोप झाले. २०११ साली चौकशी झाली. चार जणांना बडतर्फ केलं, तिघांना राजीनामा देऊन जाऊ दिलं, आणि त्या तिघांत तिथला प्रमुखच होता. पुढच्याच वर्षी तो बांगलादेशात दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोठ्या पदावर होता. त्या संस्थेने सांगितलं की आम्हाला कुणी सावध केलं नव्हतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका लंडनच्या वर्तमानपत्राने हे सगळं बाहेर काढलं, तेव्हा हेही उघड झालं की हैतीच्या आधी लायबेरियातली एक नोकरी त्याने अशाच आरोपांनंतर सोडली होती. लायबेरिया, हैती, बांगलादेश. एवढ्या मोठ्या संस्थांना जमलं नाही, मग आमच्या तालुक्याला काय नावं ठेवायची! पण त्यांनी निदान पुढे काहीतरी केलं. २०१९ पासून मदतकार्यातल्या अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपसात एक पद्धत सुरू केली आहे. कुणाला कामावर घेण्याआधी त्याच्या मागच्या मालकांना सरळ लेखी विचारायचं, या माणसावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप सिद्ध झाला होता का, किंवा चौकशी अर्धवट असताना तो निघून गेला का? आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. एवढीच पद्धत. यातला दुसरा प्रश्न मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे अशी पद्धत का नाही असं विचारलं, की लगेच कायद्याकडे बोट जातं. २०१३ च्या कायद्याचं सोळावं कलम गुप्ततेचं आहे. तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, आरोपित आणि साक्षीदार यांची ओळख, चौकशीचं कामकाज, शिफारशी आणि मालकाने केलेली कारवाई, यातलं काहीही जनतेला, वृत्तपत्रांना वा इतर माध्यमांना कळवायचं नाही. ही गुप्तता बाईच्या रक्षणासाठी आली. १९९२ मध्ये राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या साथिन भंवरीदेवीवर बलात्कार झाला, त्यातून पुढे १९९७ चा विशाखा निकाल आला, तोवर आणि त्यानंतरही बाईने तोंड उघडलं की तिच्याच अब्रूची लक्तरं टांगली जात. तेव्हा गुप्तता हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आज त्या कलमाच्या आडोशाला उभं कोण आहे? बाईचं नाव गावात तिसऱ्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं. झाकलेलं राहतं ते त्याचं. आणि ते झाकलेलं राहतं म्हणून पुढच्या संस्थेतली पोर काही माहीत नसताना त्याच्या गाडीवर मागे बसते.

मी वकील नाही, पण कलमं वाचता येतात. त्याच सोळाव्या कलमाला जोडून एक परंतुक आहे. पीडित स्त्रीला मिळालेल्या न्यायाची माहिती देता येईल, मात्र ती स्त्री आणि साक्षीदार यांची ओळख पटेल असं काही उघड करायचं नाही, असं ते म्हणतं. तिथे ज्यांची ओळख झाकायची त्यांत आरोपिताचा उल्लेख नाही. शिवाय मनाई आहे ती जनतेला आणि माध्यमांना कळवण्याची. एका संस्थेने दुसरीला, तिने विचारल्यावर, बंद पाकिटात दिलेलं उत्तर म्हणजे काही चावडीवाचन नव्हे, असं मला तरी वाटतं. दुसरी भीती अब्रुनुकसानीची. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाला जुन्या दंडविधानातलेच अपवाद जोडलेले आहेत आणि त्यातला एक नेमका हाच आहे, की कुणाच्या भल्यासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी सद्भावनेने दिलेली सूचना ही अब्रुनुकसानी ठरत नाही. प्रिया रामाणी यांच्यावर एका माजी मंत्र्यांनी गुदरलेल्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना निर्दोष सोडलं, हेही विश्वस्तांना ऐकवायला हरकत नाही. खटला होऊ शकतो, त्रास होऊ शकतो, हे खरंच. पण कायदा आड येतो म्हणून आम्ही गप्प, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बहुतेक वेळा कायदा उघडून पाहण्याआधीच गप्प राहण्याचं ठरलेलं असतं.

राजीनाम्याचंही तसंच. चौकशी चालू असताना राजीनामा आला तर पुढे काय, हे कायदा सांगत नाही. पण चौकशी थांबवा असंही तो कुठे म्हणत नाही. तेव्हा चौकशी पुरी करायची, निष्कर्ष लिहायचा, आणि ‘राजीनामा दिला नसता तर बडतर्फीची शिफारस केली असती’ असं वाक्य सह्यांनिशी फाइलला ठेवायचं. मी बसते त्या समित्यांवर हा आग्रह धरते. अनुभवपत्रात पद आणि कामाचा काळ एवढंच लिहायचं, वर्तणुकीचं प्रमाणपत्र द्यायचं नाही. या एका ओळीवरून माझे दोन विश्वस्तांशी खटके उडाले आहेत. एकजण म्हणाले, “ताई, एक वाक्य लिहिल्याने काय बिघडतं?” त्या एका वाक्यावर पुढची नोकरी मिळते, आणखी काय बिघडायचं?

आता दुसरी बाजू. घाईत, कच्ची केलेली चौकशीसुद्धा माणसाला परत आणते. गोवा विद्यापीठातलं प्रकरण आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. चौकशी झाली, त्याला नोकरीतून काढलं, उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. शेवटी शेवटी समितीने इतकी घाई केली की त्याला आपली बाजू मांडायला पुरेशी संधीच मिळाली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. चौकशी मे २००९ मध्ये होती तिथून पुन्हा सुरू करा असा हुकूम झाला. ती पुरी होईपर्यंत लगेच पूर्वपदावर घ्या असं मात्र म्हटलं नाही. त्या मुली २००९ मध्ये विद्यार्थिनी होत्या. चौदा वर्षांनी त्यांनी पुन्हा त्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची! म्हणून मी नव्या सदस्यांना सांगते, त्याला तक्रारीची प्रत सात दिवसांत द्या, उत्तराला दहा दिवस द्या, त्याचे साक्षीदार ऐका, त्याने मुदत मागितली आणि कारण रास्त असलं तर द्या, आणि प्रत्येक गोष्टीची तारीख लिहा. हे त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. लावलेलं दार पुढे कोर्टात टिकायला हवं.

आमच्याच काही मैत्रिणी मला विचारतात, तू माणसाला वाळीत टाकायला निघालीस का? जातपंचायतींशी आपण भांडलो ते कशासाठी? प्रश्न टोचणारा आहे आणि तो विचारायलाच हवा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आपल्या राज्याने २०१६ मध्ये मंजूर केला, २०१७ पासून तो लागू झाला, आणि त्यासाठी राज्यातल्या कितीतरी कार्यकर्त्यांनी जिवाचं रान केलं. जातपंचायत माणसाला वाळीत टाकते म्हणजे त्याच्या मयताला कुणी जात नाही, पोरीचं लग्न मोडतं, किराणा मिळत नाही. शिक्षा सगळ्या घरादाराला. बाजू ऐकली जात नाही, कारण लेखी नाही, दाद मागायला जागा नाही. आपण काय करतो? एका माणसाची बाजू ऐकून, कारण लिहून, त्याला एका कामापासून दूर ठेवतो. त्याला अपिलाला नव्वद दिवस असतात. तो आपल्या घरी राहतो, बाजाराला जातो, मुलीच्या लग्नात मिरवतो, आणि बायकांच्या गटांवर अधिकार चालवण्याचं काम सोडून इतर कोणतंही काम करू शकतो. याला वाळीत टाकणं म्हणायचं असेल तर त्या शब्दाने ज्यांनी खरोखर भोगलं त्यांची थट्टा होते.

मात्र या मैत्रिणींच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. आपलं काढणं अनेकदा खरोखरच जातपंचायतीसारखं तोंडी असतं. ‘त्याला बोलवत जाऊ नका’ असं कानात सांगितलं जातं. का ते सांगत नाहीत, किती दिवस ते सांगत नाहीत. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्राध्यापकांच्या नावांची एक यादी जाहीर झाली, तेव्हा स्त्रीवादी बायकांमध्येच मोठा वाद झाला होता. काहींनी यादी मागे घ्यायला सांगितलं, तरुण मुली संतापल्या. मला दोन्हीकडचं पटत होतं. चौकशीशिवाय नावं देणं मला मान्य नाही. पण ज्यांनी समित्यांचे उंबरठे झिजवले आणि ज्यांच्या हाती ‘नोंद घेण्यात आली’ एवढंच पडलं, त्यांनी कुजबुजीशिवाय काय करायचं होतं? कागदावर लिहायचं टाळलं की कुजबूज वाढते. आणि कुजबूज नव्याने आलेल्या पोरीपर्यंत पोचत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष.

या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका तालुक्यातल्या बचतगटांच्या संघाने. त्यांच्या हिशेबनिसाला त्यांनी काढलं होतं. कर्जाचा अर्ज पुढे सरकवायचा तर संध्याकाळी घरी ये, असं तो बायकांना सांगायचा. चौघी-पाचजणींनी एकमेकींशी बोलून वाचा फोडली. सहा महिन्यांनी तो नव्या हिशेबनिसाला मदत करायला म्हणून आला. मग एका वित्तकंपनीचा एजंट म्हणून. मग सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीच्या कार्यक्रमात, पाहुण्यांच्या गाडीतून उतरला आणि मंचावर जाऊन बसला. पहिल्या वेळी खूप भांडण झालं. तासभर आरडाओरडा, रडारड, त्याची बायकोही आली, आणि बैठक तशीच उठली. म्हणजे त्याचंच साधलं. त्यानंतर बायकांनी ठराव केला आणि त्याचे शब्द नीट निवडले: ‘संघाच्या कोणत्याही कामात, कोणत्याही नात्याने, पाच वर्षे.’ कोणत्याही नात्याने हे शब्द एका निरक्षर आजीने सुचवलेले. “तो उद्या केटरिंगवाला होऊन येईल,” त्या म्हणाल्या. ठरावाची प्रत ठरावबुकात आणि एक लॅमिनेट करून कपाटात. दर महिन्याला एकीची पाळी. तो आला तर पाळीवालीने उठायचं, ठराव वाचायचा, आणि बैठक थांबवायची. तो जाईपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. वाद नाही, खुलासा नाही, ‘जुनं विसरून जा’ला उत्तर नाही. गेला की तारीख आणि वेळ वहीत लिहायची.

आणि ज्यांच्यावर बेतलं त्यांची पाळी नाही.

हे शेवटचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक समितीपुढे म्हणते. आपल्या संस्थांमध्ये उलटं चालतं. तो येणार असं कळलं की पहिला फोन तिलाच जातो, तुला चालेल का? ती नाही म्हणाली तर ती आडमुठी, सूड धरणारी. हो म्हणाली तर झालं, तिचीच हरकत नाही म्हणे! तिला विचारणं वरवर मोठं सहृदय वाटतं. प्रत्यक्षात राखणदारी तिच्या गळ्यात पडते. तिला आधी कळवायलाच हवं, पण परवानगी तिच्याकडे मागायची नाही. निर्णय संस्थेने घ्यायचा आणि त्याची बोलणीही संस्थेनेच खायची. संघातल्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दारावर उभं राहण्याचं ओझं आपसात वाटून घेतलं, पाणी भरण्याच्या पाळ्या लावतात तसं. चौथ्यांदा तो एका सदस्येच्या वाटेवर उभा राहू लागला, तेव्हा पाचजणी ती वही घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. वहीत तारखा होत्या, त्यामुळे हवालदाराला ‘तुमचं आपसातलं भांडण’ म्हणून परत पाठवणं जमलं नाही.

अशा माणसांचं एक गणित असतं. आपण दमू, हे त्यांना माहीत असतं. सदस्या बदलतील, जुन्या बायका सोडून जातील, नवीन संचालक येईल, कुणीतरी म्हणेल की आता किती वर्षं झाली. आणि तसंच होतं. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत चौकशीला सहा वर्षं झाल्यावर नव्या व्यवस्थापकाला ते प्रकरण माहीतच नव्हतं. फाइल होती, पण ती कुठे आहे हे एकट्या निवृत्त शिपायाला ठाऊक. म्हणून बंदी किती काळाची, कशापुरती, हे निर्णयातच हवं, आणि अध्यक्ष बदलताना ज्या चार फाइली नव्या बाईच्या हाती द्यायच्या त्यात ही एक हवी.

मुदत म्हटली की परतीचाही प्रश्न येतो. जन्मभराची बंदी सगळ्यांनाच घालावी असं माझं मत नाही, आणि हे वाचून काहीजणी नाराज होतील. एका संस्थेत चोवीस वर्षांच्या एका मुलाला अश्लील बोलण्याबद्दल काढलं होतं. त्याने चौकशीत कबूल केलं, लेखी माफी मागितली. चार वर्षांनी त्याने पुन्हा अर्ज केला, आणि अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मागचं सगळं स्वतः लिहिलं. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. समन्वयक मूल्यमापन पथकात लपून आला होता, हा पुढच्या दाराने आला आणि नाव सांगून आला. समितीत दोन तट पडले. शेवटी त्याला दुसऱ्या तालुक्यात, कार्यालयीन कामावर, बायकांच्या गटांशी संबंध येणार नाही अशा जागी, एका वर्षासाठी घेतलं. तक्रार करणारीला आधी कळवलं. ती म्हणाली, “तुम्ही ठरवलंत ना? मग ठीक. मला नका विचारू.” समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्येने मात्र विरोध नोंदवला आणि तो इतिवृत्तात जसाच्या तसा आहे. त्यांचं म्हणणं की कबुली देणं हेही आता पोरं शिकली आहेत. मला त्यांचं पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. वर्ष संपायला अजून चार महिने आहेत.

आमच्या जिल्ह्यातल्या पाच संस्थांनी आता आपसात एवढं ठरवलं आहे की कामावर घेताना, आणि प्रशिक्षक, मूल्यमापक, पाहुणे बोलावतानाही, मागच्या संस्थेला ते दोन प्रश्न लेखी विचारायचे. तीन महिन्यांत सात पत्रं गेली. चारांना उत्तर आलं. एका संस्थेने उत्तराऐवजी फोन केला आणि ‘असलं लेखी कशाला विचारता’ म्हणून आमच्यावरच तोंडसुख घेतलं. त्या माणसाला आम्ही बोलावलं नाही.

अशा ठरावाचा आणि पत्राचा एक नमुना आम्ही तयार करतो आहोत. तुमच्या संस्थेत राजीनाम्यानंतरही चौकशी पुढे चालवली असेल, तर आरोपित हजर राहिला का, नसेल तर तुम्ही काय केलंत, हे मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नावं लिहू नका. तारखा आणि वाक्यं मात्र जशीच्या तशी लिहा.